कूलर सुरू करण्यापूर्वी अर्थिंग पाहा

१४ एप्रिलची जयंती झाली की हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव, कुठल्याही तालुक्यात जा, आपल्या वस्तीत अडगळीतले कूलर बाहेर निघतात. वैशाखात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या एका खोलीत लेकराला दुपारी निजवणे म्हणजे भट्टीत निजवणे. ४० अंशांच्या वर नुसता पंखा अंग गार करत नाही, उलट तापवतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून कूलरला आम्ही चैन मानत नाही. पण दर उन्हाळ्यात मराठवाड्यात कूलरचा शॉक लागून माणसे जातात. त्यांत पाणी भरणाऱ्या माता-भगिनी असतात, खेळता खेळता हात लावणारी मुले असतात.

बहुतेक जुने कूलर पत्र्याचे. खाली टाकीत पाणी, पाण्यात पंपाची छोटी मोटर. वर्षभर पडून राहिलेली वायर तडकते, उंदीर कुरतडतात, मोटरीत पाणी शिरते आणि वीज पत्र्यात उतरते. अर्थिंग चांगले असेल तर ती जमिनीत निघून जाते. नसेल तर ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या माणसाच्या अंगातून जाते.

आपल्या अनेक घरांत मीटरपासून आत दोनच वायरी आलेल्या असतात. बोर्डात बसत नाही म्हणून प्लगची जाड पिन तोडून टाकली जाते. ती जाड पिन म्हणजेच अर्थिंग! नळाच्या पाइपाला किंवा न्यूट्रलला वायर गुंडाळणे हे अर्थिंग नव्हे. त्यात धोका वाढतो. परवानाधारक वायरमनकडून जमिनीत अर्थिंग करून घ्या आणि मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. वीज अंगातून जाऊ लागताच तो क्षणात पुरवठा तोडतो. एमसीबी हे काम करत नाही, तो जास्त भार आणि शॉर्टसर्किटसाठी असतो. दुकानदार दोन्ही एकच म्हणून देईल, तेव्हा नाव विचारूनच घ्या. आकड्यावर चालणाऱ्या घरात यातले काहीच धड होत नाही. मीटरसाठी अर्ज करावा, वस्तीने मिळून केला तर अधिक बरे.

पाणी भरताना फक्त बटण बंद करून भागत नाही. बटण चुकून न्यूट्रल वायरवर जोडलेले असेल तर बंद केल्यावरही कूलरमध्ये वीज असते. प्लग काढा, मग पाणी भरा. हे घरातल्या सगळ्यांना, शाळकरी मुलांनाही, तोंडपाठ हवे.

कुणी चिकटलेच तर हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने माणसाला बाजूला करा आणि १०८ ला फोन लावा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहा. गाडी येईपर्यंत थांबू नका.

कूलर खिडकीत, बाहेरची हवा ओढेल असा ठेवावा आणि समोरचे दार किंवा खिडकी थोडी उघडी असावी. खोली बंद केली की आत नुसता दमटपणा साचतो. पावसाळ्यात तो गार करत नाही तो याचमुळे. विजेचे म्हणाल तर २०० वॅटचा कूलर पाच तासांत एक युनिट घेतो. पाणी मात्र दिवसाला दोन-चार घागरी लागते, आणि टँकरच्या गावात तो हिशेब आधी करावा लागतो.

त्या साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून कडा ब्रशने घासाव्यात. अंडी कडेला चिकटतात व कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. गवत दर हंगामाला नवे घाला.

थंडीत कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नये. तिच्या धुराला नव्हे, वास नसलेल्या कार्बन मोनॉक्साइडला माणूस झोपेतच बळी पडतो.

बुद्ध पौर्णिमेला विहारात भाड्याचे मोठे कूलर येतात. मंडळाने आदल्या दिवशीच वायरमनला बोलावून त्यांची वायर, प्लग व अर्थिंग तपासून घ्यावे, आणि मुले बसतात त्या बाजूला ते ठेवू नयेत.