आधी भट्टीचं तोंड बंद करा

आंबागडच्या पायथ्याच्या एका गुऱ्हाळात मालक सांगत होते, "भट्टीले हवाच पुरत नाही जी, म्हणून धूर होते." ते हे बोलत होते तेव्हा भट्टीचं तोंड सताड उघडं होतं. त्यातून भरपूर हवा आत जात होती. जिथे जायला हवी तिथे मात्र पोचत नव्हती.

आंबागड तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या कडेला. डोंगरावर राजाखान पठाणाने १७०० च्या सुमारास बांधलेला किल्ला आणि खाली धानाच्या बांध्या. भंडारा धानाचा जिल्हा असला तरी ऊस इथे नवखा नाही. वैनगंगेच्या खोऱ्यात कोहळी समाजाने तलाव बांधले ते धानासाठी आणि उसासाठीही. साकोली-लाखांदूरकडे गूळ करण्याची रीत साखर कारखान्यांच्या कितीतरी आधीची आहे. हे गुऱ्हाळ मात्र अलीकडचं आणि घरगुती. चरक इंजिनावर चालतो, काहील एकच, आणि विटामातीची भट्टी मालकांनी आपल्या हाताने बांधलेली.

मुळात गूळ करणं म्हणजे पाणी उडवणं. शंभर किलो रसात गोडवा अठरा-वीस किलो, बाकी जवळजवळ सगळं पाणी. उकळी आलेल्या एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता लागते, आणि इथे एका काहिलीतून शेकडो लिटर पाणी घालवायचं असतं. कॅनडात मेपलच्या झाडाचा रस आटवणाऱ्यांचं दुखणं याहून मोठं, कारण चाळीसेक लिटर रसातून त्यांच्या हाती एक लिटर पाक लागतो. तिकडेही घराच्या मागे लाकडावरची भट्टी स्वतः बांधणारे हौशी लोक आहेत, आणि हवेशी त्यांची झटापट अशीच चालते. फरक इतकाच की त्यांना लाकूड वेगळं आणावं लागतं. आपल्याकडे उसाबरोबर चिपाडं फुकट येतात. भट्टी नीट असेल तर उसाच्या आपल्याच चिपाडांवर त्याचा गूळ व्हायला हवा. इथे ती पुरत नव्हती आणि वरून लाकूड विकत घ्यावं लागत होतं. गुळाचा नफा तिथेच जळतो.

भट्टीपाशी तासभर नुसतं उभं राहिलं तरी बरंच कळतं. धुराड्यातून काळा धूर निघतो, म्हणजे इंधन अर्धवट जळून बाहेर पडतंय. मधूनच पांढरा लोट येतो, तेव्हा जाळव्याने ओली चिपाडं टाकलेली असतात. चरकातून निघालेल्या चिपाडात निम्मं वजन पाण्याचं असतं. ती चार-पाच दिवस उन्हात पसरली नाहीत, तर भट्टी आधी चिपाडातलं पाणी उकळते आणि मग रसातलं. काहिलीच्या बुडावर बोट फिरवलं तर काजळीचा जाड थर. काजळी उष्णता अडवते, म्हणजे नुकसान दोनदा झालं.

यावर मालकांनी आधी पंखा लावून पाहिला होता. पंखा हे आपलं आवडतं औषध. आग भडकते, माणूस खूश होतो. पण बेलगाम पंख्याने राख आणि अर्धी जळालेली चिपाडं धुराड्यातून वर उडतात, आणि जास्तीची हवा भट्टीतली उष्णता बरोबर घेऊन निघून जाते. कमी हवा वाईट, तशी जास्त हवाही वाईट.

एक किलो वाळकं चिपाड पूर्ण जळायला साधारण चार-पाच घनमीटर हवा लागते. ही सगळी खालून देऊन भागत नाही. लाकूड किंवा चिपाड तापलं की त्याचा बहुतेक भाग वायू होऊन वर उठतो आणि ज्वाळा या वायूचीच असते. निखाऱ्याला हवा खालून हवी, वायूला हवा वर, ज्वाळेच्या उंचीवर हवी. तोंडातून घुसणारी थंड हवा यातलं एकही काम धड करत नाही. ती आगीवरून सरळ धुराड्याकडे पळते आणि वाटेत काहिलीचं बूड थंड करते.

म्हणून कामाची सुरुवात तोंडापासून झाली. जाड पत्र्याचं झाकण बिजागरीवर टांगलं. चिपाडं ढकलायची तेवढ्यापुरतं ते उघडायचं आणि सोडून द्यायचं. मग खाली हात घातला. राखेचा खड्डा काठोकाठ भरलेला, आणि जाळी म्हणून टाकलेल्या सळया तापून वाकलेल्या. त्यांच्यामधून हवा येणार कुठून? खड्डा खोल करून त्याचं दार बाहेर काढलं, सळयांच्या जागी बिडाच्या पट्ट्या बोटभर फट ठेवून बसवल्या. भट्टीच्या दोन्ही भिंतींत लोखंडी नळ्या तिरप्या गाडल्या. बाहेरची हवा तापलेल्या विटांमधून येते आणि गरम होऊन ज्वाळेच्या उंचीवर सुटते. धुराड्याच्या वाटेआधी विटांचा बुटका उंबरा घातला, म्हणजे ज्वाळा सरळ पळ न काढता काहिलीच्या बुडाला लागून जाईल. शेवटी धुराड्यात सरकता पत्रा.

धुराड्याची उंची वाढवण्याचा आग्रह मालकांचा होता, पण त्याची गरज पडली नाही. पाचेक मीटरच्या तापलेल्या धुराड्याची ओढ पाण्याच्या नळीत मोजली तर दोन मिलिमीटरच्या आसपास भरते. ऐकायला फुसकी वाटते, तरी एवढी ओढ पुरते. एका बाजूला भगदाड असलं की मात्र सगळी तिथेच खर्च होते. उदबत्ती घेऊन भट्टीभोवती फिरलं की गळती सापडते. विटेच्या सांध्यात धूर ओढला गेला की तिथे लगेच माती लिंपायची.

या नव्या भट्टीवर नाराज झाला तो गुळव्या. त्याचं म्हणणं खरं होतं. गूळ ११६ ते ११८ अंशांच्या दरम्यान उतरवायचा असतो आणि शेवटची काही मिनिटं आग हुकमी लागते. आता आग तेज झाली होती, पाक करपायची भीती. सरकता पत्रा याचसाठी, हे त्याला दोन काहिली उतरल्यावर पटलं. पत्रा अर्धा ओढला की ज्वाळा बसते. पूर्ण मात्र कधीही ओढू नये. आत कोंडलेला वायू तोंडाचं झाकण उघडताच भडकून अंगावर येतो, आणि विषारी धूर छपराखाली साठतो. पत्र्याच्या कडेला म्हणूनच एक खाच कापली आहे, ती बंद होतच नाही.

यात नवं काही नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगवाल्यांनी धुराड्याची मगन चूल फार पूर्वी केली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गुळाच्या एका काहिलीच्या भट्टीवर काम करून ठेवलं आहे. ते गावच्या गवंड्यापर्यंत पोचलं नाही, हीच खरी अडचण. गवंडी आजही भट्टी काहिलीच्या मापाने बांधतो, हवेच्या वाटेचं माप कुणी सांगतच नाही.

गुऱ्हाळवाल्यांनी हंगामाआधी भट्टी लिंपताना एवढं तरी करावं: पंखा आणि उंच धुराडं यांवर पैसे घालण्याआधी तोंडाला झाकण लावावं, राखेचा खड्डा उपसावा आणि चिपाडं वाळवावीत. या तिन्ही कामांना मिळून पंख्याएवढाही खर्च येत नाही.