मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये फिटचे औषध का दिले जाते?

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एम.एस., या आजारावर उपचार घेणाऱ्या व्यक्तीला डॉक्टर कधी कधी कार्बामॅझेपिन, गॅबापेंटिन किंवा क्लोनाझेपाम ही औषधे लिहून देतात. घरी आल्यावर कोणीतरी मोबाइलवर औषधाचे नाव शोधते, किंवा औषधविक्रेताच सहज सांगतो, "ही तर फिटची गोळी आहे." मग घरात शंका सुरू होतात. हिला फिट कधी आली? डॉक्टरांनी आपल्यापासून काही लपवले का? मुलगी लग्नाची असेल, तर गोळीचे पाकीट पाहुण्यांपासून लपवले जाते. पुष्कळदा कोणाला न विचारता गोळी बंदही केली जाते. तसे करण्यापूर्वी आपण पुढील माहिती अवश्य वाचावी.

एम.एस.मध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू, मेरुरज्जू आणि डोळ्यांच्या मज्जातंतूंवरील मायलिन नावाच्या आवरणावरच हल्ला करते. हे आवरण विजेच्या तारेवरील वेष्टणासारखे असते. ते निघून गेले की संदेश अडखळतात. त्यामुळे अशक्तपणा, बधिरता, अंधूक दिसणे, तोल जाणे ही लक्षणे दिसतात. याच्या उलटही घडते. उघडा पडलेला तंतू कारण नसताना उत्तेजित होतो आणि शेजारच्या तंतूंनाही उत्तेजित करतो. अशा वेळी एका बाजूचा हात किंवा पाय एकाएकी ताठतो, मनगट व बोटे आत वळतात आणि तीव्र वेदना होते. काही सेकंदांपासून सुमारे दोन मिनिटांत सर्व पूर्ववत होते. पण दिवसातून असे अनेक झटके येऊ शकतात. खुर्चीतून उठणे, कूस बदलणे, जोरजोराने श्वास घेणे एवढेही निमित्त पुरते. डॉक्टर याला टॉनिक स्पाझम म्हणतात.

हा अपस्मार नव्हे. अपस्मारातील बिघाड मेंदूच्या बाह्य स्तरातील पेशींत सुरू होतो. येथे तो आवरण गमावलेल्या तंतूंमध्ये असतो. झटक्याच्या वेळी व्यक्ती पूर्ण शुद्धीवर असते आणि आपण बोललेले सर्व तिला ऐकू येते. म्हणून कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, दातांमध्ये चमचा घालू नये, ताठलेला हात जबरदस्तीने सरळ करू नये. (हे उपाय अपस्मारातही निरुपयोगी आहेत आणि चमच्याने तर इजा होते.) व्यक्ती पडणार नाही एवढे पाहावे व झटका ओसरू द्यावा.

मग औषध फिटचे का? मज्जातंतूतील संदेश सोडियमच्या सूक्ष्म मार्गांमधून पुढे जातो. कार्बामॅझेपिन हे मार्ग अंशतः रोखते आणि अति उत्तेजित झालेला तंतू शांत होतो. हा बिघाड मेंदूत असो वा मेरुरज्जूत, औषधाची क्रिया तीच राहते. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या असह्य कळांवरही हेच औषध दिले जाते. टॉनिक स्पाझमसाठी पुष्कळदा अपस्मारापेक्षा कमी मात्रा पुरते आणि काही दिवसांतच फरक जाणवतो. हे झटके बहुधा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ओसरतात. त्यानंतर डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करून औषध थांबवू शकतात. मात्र या गोळीने मूळ एम.एस. आटोक्यात येत नाही. त्यासाठी दिलेले औषध पूर्वीप्रमाणेच सुरू ठेवावे.

कायमचा ताठरपणा

झटके न येता पाय सतत ताठ राहणे ही वेगळी तक्रार आहे. तिच्यावर व्यायाम व फिजिओथेरपीसोबत प्रथम बहुधा बॅक्लोफेन दिले जाते. ते पुरेसे पडले नाही किंवा सोसले नाही, तर गॅबापेंटिनचा विचार होतो. मज्जातंतूंची जळजळ किंवा मुंग्या असतील, तर त्यावरही त्याचा उपयोग होऊ शकतो. रात्री पाय आखडून झोपमोड होत असल्यास झोपताना क्लोनाझेपामची लहान मात्रा देतात. हातांच्या कंपावर मात्र अपस्माराच्या औषधांचा भरवशाचा उपयोग आढळलेला नाही. त्याबाबत फार अपेक्षा ठेवू नये.

ताठरपणा एकाएकी वाढला, तर मात्रा वाढवून मागण्यापूर्वी कारण शोधावे. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, अंथरुणाला खिळल्याने पडलेली जखम, पायाच्या बोटात रुतलेले नख, घट्ट पट्टा किंवा बूट यांपैकी कशानेही स्नायू अधिक आवळतात. ज्या व्यक्तीला त्या भागात संवेदना नसते तिला ही दुखापत जाणवतही नाही. म्हणून घरच्यांनी रोज पाहणे आवश्यक आहे. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. अशक्त पायांना त्यांच्या ताठरपणाचाच आधार असतो. औषधाने तो पूर्ण गेला, तर काल भिंत धरून चालणारी व्यक्ती आज उभी राहू शकणार नाही. पाय लुळे वाटू लागल्यास डॉक्टरांना लगेच सांगावे.

कोणती काळजी घ्यावी

गुंगी, चक्कर व तोल जाणे हे या औषधांचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत आणि एम.एस.ची लक्षणेही हीच आहेत. त्यामुळे औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर चालणे बिघडले, तर आजार बळावला असे गृहीत धरू नये. कार्बामॅझेपिनने रक्तातील सोडियम कमी होऊनही मळमळ, डोकेदुखी व गोंधळलेपणा येतो. साध्या रक्ततपासणीत ते कळते. मद्य टाळावे, गुंगी असेपर्यंत वाहन चालवू नये. मूत्रपिंडाचा विकार असल्यास गॅबापेंटिनची मात्रा कमी ठेवावी लागते. मन फार खचल्यासारखे वाटू लागले, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

कार्बामॅझेपिनमुळे क्वचित त्वचेची जीवघेणी प्रतिक्रिया होते. एचएलए-बी १५०२ हा जनुकीय प्रकार असणाऱ्यांना तिचा धोका अधिक असतो. भारतीयांत तो सरासरी २ ते ४ टक्के लोकांत, तर काही समूहांत याहून अधिक आढळतो. औषध सुरू करण्यापूर्वी या रक्तचाचणीबद्दल डॉक्टरांना विचारावे. पहिल्या काही महिन्यांत तापासह पुरळ, तोंडात फोड किंवा डोळ्यांत लाली दिसल्यास पुढची गोळी घेऊ नये व त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

असे काही नसेल, तर यांपैकी कोणतेही औषध आपणहून एकदम बंद करू नये. झटके पुन्हा उसळू शकतात, आणि क्लोनाझेपाम किंवा गॅबापेंटिन एकाएकी थांबवल्यास ज्या व्यक्तीला कधी फिट आली नव्हती तिलाही ती येऊ शकते. ज्या भीतीने गोळी थांबवली, तीच अशी खरी होते.

एम.एस. तरुण स्त्रियांमध्ये अधिक आढळतो, म्हणून हेही सांगणे आवश्यक आहे: कार्बामॅझेपिन सुरू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव कमी होतो. गर्भधारणेचा विचार असल्यास आधीच डॉक्टरांशी बोलावे. या औषधाने बाळात दोष राहण्याचा धोका वाढतो. दिवस गेल्याचे कळताच घाबरून गोळी सोडू नये, मात्र तपासणीस विलंबही करू नये.

पुढील भेटीला जाताना झटक्याचे मोबाइलवर केलेले चित्रीकरण सोबत न्यावे. तो किती वेळ टिकला आणि दिवसातून किती वेळा आला, हे वहीत लिहून ठेवावे. झटक्यात शुद्ध हरपली, जीभ चावली गेली किंवा नकळत लघवी झाली असेल, तर तसे स्पष्ट सांगावे, एम.एस. असलेल्यांना खरी फिट येण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी अधिक असते आणि त्याचे उपचार निराळे आहेत. सध्या सुरू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, आयुर्वेदिक औषधेही, बरोबर घ्यावीत. दुकानात दुसऱ्या कंपनीची गोळी मिळाली, तर पाकिटावरील मूळ औषधाचे नाव व मिलिग्रॅम ताडून पाहावेत. कार्बामॅझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिन ही नावे सारखी वाटली, तरी औषधे वेगळी आहेत.