नोंद कोणाची, नाव कोणते?

केतकरांचा ज्ञानकोश किंवा वाईचा विश्वकोश चाळताना वाचकाने एक गोष्ट गृहीत धरलेली असते. कोणती नोंद घ्यावयाची व कोणती गाळावयाची हे कोणा संपादकाने विचारपूर्वक ठरविले आहे, आणि चूक झालीच तर जाब विचारावयास एक नाव उपलब्ध आहे, ही ती गोष्ट. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाची रीत निराळी. तेथे प्रमुख संपादक नाही व लेखकांना मानधन नाही. ज्याला वाटेल त्याने लिहावे, दुसऱ्यास पटले नाही तर त्याने ते बदलावे, आणि वाद उद्भवलाच तर लेखाला जोडलेल्या चर्चापानावर तो मिटवावा, अशी ही व्यवस्था आहे. मराठी विकिपीडियाही २००३ पासून याच रीतीने चालत आला आहे. दार सर्वांना उघडे आहे हे खरेच. परंतु गावची चावडीही उघडीच असते. तिच्यावर बायका किती बसतात हे पाहावे लागते.

२०१८ च्या मार्च महिन्यात इंग्रजी विकिपीडियावर कोणी तरी डोना स्ट्रिकलंड या कॅनडातील भौतिकशास्त्रज्ञ स्त्रीवर एक लहानसा लेख तपासणीसाठी दाखल केला. मे महिन्यात तो परत आला. दिलेल्या संदर्भांवरून ही व्यक्ती स्वतंत्र नोंदीस पात्र ठरत नाही, असा शेरा तपासणाऱ्याने मारला होता. २ ऑक्टोबर रोजी याच बाईंना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. भौतिकशास्त्रात १९०३ साली मेरी क्युरी, १९६३ साली मारिया गॅपर्ट मायर आणि त्यानंतर एकदम २०१८ साली स्ट्रिकलंड, असा हा तिसरा मान होता. लेसरचे अत्यंत तीव्र व अत्यंत अल्पकाळ टिकणारे झोत निर्माण करण्याची पद्धत त्यांनी व त्यांचे मार्गदर्शक जेरार मुरू यांनी १९८५ सालीच प्रसिद्ध केली होती. मुरू यांच्यावरील लेख विकिपीडियावर कित्येक वर्षे होता. स्ट्रिकलंडबाईंचा लेख पारितोषिक जाहीर झाल्यावर त्याच दिवशी घाईघाईने तयार झाला.

लेख नाकारणारा कोणी स्त्रीद्वेष्टा होता, असे समजण्याचे कारण नाही. त्याने नियम पाळला, आणि या प्रकरणातील खरी अडचण तीच आहे. ज्या व्यक्तीविषयी इतरांनी, म्हणजे वृत्तपत्रांनी, ग्रंथकारांनी व संस्थांनी, स्वतंत्रपणे व विस्ताराने लिहिले आहे तीच नोंदीस पात्र, असा हा उल्लेखनीयतेचा नियम. जाहिरातबाजी व ऐकीव माहिती रोखण्यासाठी तो आवश्यकच आहे. परंतु ज्यांच्याविषयी जगाने लिहिलेच नाही त्यांना तो दुसऱ्यांदा बाहेर ठेवतो. स्ट्रिकलंड २०१३ साली अमेरिकेतील प्रकाशविज्ञान संस्थेच्या अध्यक्षा होत्या. इतके असूनही तपासणाऱ्याचे समाधान झाले नाही. आणि या क्षेत्रात कोणते पद किती मोलाचे हे जाणणारा दुसरा कोणी त्या वेळी तेथे नव्हता.

तेथे कोण असते, याचेही उत्तर मिळाले आहे. २०११ साली विकिमीडिया संस्थेने केलेल्या पाहणीत उत्तरे देणाऱ्या लेखकांमध्ये स्त्रिया शंभरात नऊसुद्धा भरल्या नाहीत. हे प्रमाण २०१५ पर्यंत पंचवीसवर न्यावयाचे, असा संकल्प संस्थेच्या तत्कालीन संचालिका स्यू गार्डनर यांनी सोडला होता. तो सिद्धीस गेला नाही. स्त्रियांना फुरसत कमी, हे कारण लगेच पुढे केले जाते व त्यात तथ्य आहे. मात्र तेवढ्याने भागत नाही. चर्चापानावर निर्णय मतांच्या संख्येवर नव्हे, तर युक्तिवादाच्या बळावर व्हावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात पुष्कळदा जो रात्री उशिरापर्यंत उत्तराला प्रत्युत्तर देत राहतो त्याचे म्हणणे टिकते. चिकाटी हा गुण आहे खरा, पण तो सत्याचा पुरावा नव्हे.

२०१३ च्या एप्रिलमध्ये अमांडा फिलिपाकी या कादंबरीकर्तीच्या ध्यानात एक चमत्कारिक गोष्ट आली. ‘अमेरिकन कादंबरीकार’ या वर्गातून स्त्रियांची नावे एकामागून एक काढून ‘अमेरिकन स्त्री कादंबरीकार’ या पोटवर्गात हलविली जात होती. पुरुष मात्र मूळ वर्गातच राहिले. म्हणजे कादंबरीकार पुरुष, आणि बायका निराळ्या! त्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये हे लिहिताच गवगवा झाला, आणि लागलीच त्यांच्या स्वतःवरील लेखात काटछाट सुरू झाली. तक्रार करणाऱ्याचीच झडती घ्यावी, तसा हा प्रकार.

काहींना याहून वाईट अनुभव आला. एमिली टेंपल-वुड या विद्यार्थिनीने २०१२ साली स्त्री-शास्त्रज्ञांवरील लेखांसाठी एक गट उभा केला. तिला अश्लील पत्रे येऊ लागली. तेव्हा तिने ठरविले की अशा दर पत्रामागे एका स्त्री-शास्त्रज्ञावर एक लेख लिहावयाचा. २०१६ साली वर्षातील श्रेष्ठ विकिपीडियन हा मान तिला व रोझी स्टीफन्सन-गुडनाइट यांना विभागून मिळाला. रोझीबाई २०१५ साली सुरू झालेल्या ‘विमेन इन रेड’ या उपक्रमाच्या एक संस्थापक होत. विकिपीडियावर ज्या नावाचा लेख अस्तित्वात नाही ते नाव तांबड्या अक्षरांत दिसते. अशी तांबडी नावे निळी करावयाची, म्हणजे लेख लिहावयाचे, हे त्यांचे काम. आरंभी इंग्रजी विकिपीडियावरील चरित्रलेखांत स्त्रियांचे लेख शंभरात साडेपंधराच्या आसपास होते. आता ते प्रमाण वीसच्या आसपास आले आहे. हजारो हातांनी केलेल्या कामाचे हे फळ.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न होता नोंद व्हावी की नाही हा. पारलिंगी व्यक्तींच्या बाबतीत नोंद असूनही नावाशीच अडते. अमेरिकन सैन्यातील गुप्त कागदपत्रे उघड केल्याबद्दल पस्तीस वर्षांची शिक्षा झालेल्या मॅनिंग यांनी २२ ऑगस्ट २०१३ रोजी, शिक्षेच्या दुसऱ्याच दिवशी, आपण स्त्री आहोत व आपले नाव चेल्सी आहे असे जाहीर केले. त्याच दिवशी लेखाचे शीर्षक बदलण्यात आले. लगेच वाद पेटला. बहुतेक वृत्तपत्रे जुनेच नाव वापरतात, म्हणून तेच ठेवावे, असे एका बाजूचे म्हणणे. स्वतःचे नाव काय हे त्या व्यक्तीहून अधिक कोणास ठाऊक असणार, असे दुसरीचे. काही शेरे तर इतके हिणकस होते की येथे सांगण्यासारखे नाहीत. विकिपीडियावर लिहिणाऱ्यांत पारलिंगी व्यक्तीही आहेत, आणि त्यांनाही ते वाचावे लागले. ३१ ऑगस्टला जुने शीर्षक परत आले. पुन्हा चर्चा होऊन ३ ऑक्टोबरला ‘चेल्सी मॅनिंग’ हे शीर्षक कायम झाले. पुढे लवाद समितीने काही लेखकांना या विषयापासून दूर राहण्यास सांगितले. त्यांत पारलिंगी व्यक्तींची निंदा करणारे होते, तसेच त्या निंदेविरुद्ध तावातावाने बोलणारेही होते. हा निवाडा अनेकांना बोचला, आणि तो बोचावा असाच होता.

आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नाव लिहितात, आणि कालची कुसुम आज सुनंदा होते. सासरचे व शेजारपाजारचे लोक दुसऱ्या दिवसापासून तिला त्याच नावाने हाक मारतात. जुन्या कागदांवर काय आहे हे कोणी विचारीत नाही. दुसऱ्यांनी ठेवलेले नाव असे विनातक्रार चालते, आणि माणसाने स्वतः सांगितलेल्या नावासाठी मात्र सहा आठवडे वाद चालावा, यात काही तरी उलटे आहे.

इंग्रजी विकिपीडियाच्या लेखनसंकेतांनुसार व्यक्तीने स्वतः सांगितलेली ओळखच आता वापरली जाते. त्या व्यक्तीची जुन्या नावानेच ख्याती झालेली असेल तरच ते नाव दिले जाते. २०२१ साली सर्व भाषांतील प्रकल्पांसाठी आचारसंहिता मंजूर झाली. सहकारी लेखक स्वतःला ज्या नावाने व ज्या सर्वनामाने ओळखतो त्याचा मान राखावा, भाषेच्या दृष्टीने शक्य असेल तेथे, असे तीत सांगितले आहे.

हे ‘भाषेच्या दृष्टीने शक्य’ मराठीत मोठे गमतीचे आहे. इंग्रजीत ‘मी’ म्हणणाऱ्याचे लिंग कळत नाही. मराठीत ‘मी लेख लिहिला’ म्हणेपर्यंत तेही झाकलेले राहते, कारण क्रियापद लेखाप्रमाणे चालते. पण ‘मी उद्या पुढचा भाग लिहिते’ म्हणताच चर्चापानावरील सर्वांना लिहिणारी बाई आहे हे कळते. कोल्हापूर-बेळगावकडच्या मुली घरात ‘मी जातो’ असे सहज म्हणतात आणि शाळेत त्याबद्दल बोलणी खातात. चर्चापानावर मात्र कोणते रूप लिहावयाचे हे ज्याचे त्याने अथवा जिचे तिने ठरवावयाचे असते, आणि उत्तर देणाऱ्याने तेच रूप पुढे चालवावयाचे असते.