बेटाचा बखरकार (५) : शिंप्याच्या दुकानातला सामना

‘राइट्स’ ही कवी आणि इतिहासकार कमाऊ ब्रॅथवेट यांची कविता बार्बाडोसमधल्या एका शिंप्याच्या दुकानात घडते. बोलणारा शिंपीच आहे. केन्सिंग्टन ओव्हलवर इंग्लंडविरुद्ध झालेल्या सामन्याची हकीकत तो सांगतो. वेस्ट इंडीजचा फलंदाज क्लाइड वॉलकॉट कसा तडाखे मारत होता, प्रेक्षकांना कसा चेव चढला आणि वॉलकॉट बाद होताच सगळे कसे गारठले, हे तो डोळ्यांपुढे उभे करतो. ही कविता ‘आयलंड्स’ (१९६९) या संग्रहात आहे, म्हणजे गेल्या आठवड्यात पाहिलेल्या त्रयीच्या तिसऱ्या भागात. तिची भाषा बार्बाडोसच्या नाक्यावरची आहे. शाळामास्तरांनी ती लाल शाईने भरून टाकली असती.

ब्रॅथवेट यांच्या जमैकावरील प्रबंधाचा विचार या लेखांकात व्हायचा होता. मात्र त्याआधी या भाषेचा प्रश्न निकालात काढणे बरे. एका वाचकाने पत्रातून तो नेमका विचारलाही आहे : ब्रॅथवेट यांची ‘नेशन लँग्वेज’ म्हणजे आपण म्हणतो ती राष्ट्रभाषाच का?

शब्दाला शब्द ठेवला तर तसे वाटते, पण अर्थ जवळजवळ उलटा आहे. राष्ट्रभाषा म्हटले की राजपत्र, पाठ्यपुस्तक आणि व्यासपीठ डोळ्यांपुढे येते. बार्बाडोसमध्ये या तिन्ही जागा इंग्रजीने अडवल्या होत्या. नेशन लँग्वेज ही उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी जहाजांतून आणलेल्या माणसांची वाणी. तिला ना व्याकरणाचे पुस्तक होते, ना सरकारी मान्यता. तरीही बेटावरच्या बहुसंख्य लोकांचे जगणे तिच्यातूनच बोलत होते. ‘राष्ट्र’ हा शब्द ब्रॅथवेट यांनी तिला मुद्दाम जोडला. रूढ शब्द ‘डायलेक्ट’ हा होता आणि त्याला कुचेष्टेचा वास येत होता. डायलेक्ट म्हणजे नाटकातल्या विनोदी नोकराच्या तोंडची मोडकी इंग्रजी, असाच समज होता. तो शब्द वापरला की भाषा बोलणाराही मोडका ठरतो, हे त्यांना मान्य नव्हते.

ही मांडणी त्यांनी १९७९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील व्याख्यानात केली. ते व्याख्यान १९८४ मध्ये ‘हिस्ट्री ऑफ द व्हॉइस’ या छोट्या पुस्तकाच्या रूपाने निघाले. कॅरिबियन बेटांवरच्या भाषांचे थर त्यात उलगडले आहेत. सर्वांत वर साम्राज्यांच्या भाषा : इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, डच. त्याखाली क्रिओल इंग्रजी, म्हणजे नव्या भूमीत मुरलेली आणि मिसळलेली इंग्रजी. त्यानंतर नेशन लँग्वेज. तळाशी पूर्वजांच्या भाषांचे अवशेष. या अवशेषांत आफ्रिकी भाषांच्या जोडीला हिंदीही येते. गुलामगिरी संपल्यावर १८३८ पासून ब्रिटिश गियानात आणि १८४५ पासून त्रिनिदाद व जमैकात करारावर नेलेल्या भारतीय मजुरांनी ती सोबत नेली होती.

नेशन लँग्वेज घडली कशी, याचे ब्रॅथवेट यांचे उत्तर इतिहासकाराचे आहे. अशांती, योरुबा, काँगो अशा वेगवेगळ्या प्रदेशांतली माणसे एकाच मळ्यावर आली. मालकाची भाषा वरचढ ठरली आणि त्यांच्या भाषा पाण्याखाली गेल्या. गेल्या म्हणजे नष्ट झाल्या नाहीत. शब्द इंग्रजी झाले, पण वाक्याचा हेल, श्वासाची जागा आणि आघातांची चाल जुनीच राहिली. १९५५ ते १९६२ या काळात ब्रॅथवेट घानामध्ये शिक्षणाधिकारी होते. तिथे कानावर पडलेले बोलणे आणि ढोलाचे ठेके ओळखीचे वाटले, तेव्हा लहानपणी ऐकलेल्या आवाजांचा माग त्यांना लागला.

शाळेने मात्र नेमका उलटा कान तयार केला होता. बेटावरच्या मुलांना इंग्लंडच्या राजांची नामावळी पाठ असे. जमैकाच्या डोंगरांत इंग्रजांशी लढणाऱ्या मरून लोकांची नायिका नॅनी त्यांना ठाऊक नसे. ब्रॅथवेट यांनी यासाठी बर्फाचे उदाहरण दिले आहे. ज्या मुलाने बर्फ कधी पाहिला नाही, तो निबंधात बर्फ पाडतो आणि तोही उसाच्या शेतांवर. हे उदाहरण केवळ हसण्यासाठी नाही. बर्फ परका असला तरी ऊस आपला आहे. म्हणजे नकळत का होईना, मूल दोन जगांचा सांधा जुळवू लागले आहे. वर्णनाची सामग्री तरी अशी थोडीफार बदलते. लय बदलणे त्याहून अवघड.

इंग्रजी कवितेचा राजमार्ग म्हणजे आयाम्बिक पेंटामीटर. मराठी छंदशास्त्रात लघु-गुरूंचा हिशेब असतो, तसा इथे आघाताचा असतो. आधी अनाघात अक्षर, मग साघात, अशा पाच जोड्यांची एक ओळ. चॉसरपासून हे मोजमाप इंग्रजी कवितेत मुरले आहे. ब्रॅथवेट यांचा आक्षेप असा की या मोजमापात एक विशिष्ट हवामान आणि एक विशिष्ट जीवनानुभव बसतो. दरवर्षी बेटांवर चालून येणारे चक्रीवादळ त्यात मावत नाही. मग ते मावेल असे माप कोणते? त्यांनी बोट ठेवले कॅलिप्सोवर. या गाण्यात डॅक्टिल प्रकारची चाल सापडते, म्हणजे एका साघात अक्षरामागून दोन अनाघात. तिने ओळ चढण्याऐवजी घसरते, हेलकावते आणि बोलण्याच्या जवळ येते.

कॅलिप्सो आणि क्रिकेट यांची गाठ तर जगजाहीर आहे. १९५० मध्ये वेस्ट इंडीजने लॉर्ड्सवर इंग्लंडला प्रथमच हरवले. त्या विजयावर लॉर्ड बिगिनर यांनी रचलेल्या कॅलिप्सोमुळे रामाधीन आणि व्हॅलेंटाइन हे दोन फिरकी गोलंदाज घरोघरी पोहोचले. यातला रामाधीन त्रिनिदादच्या भारतीय वंशाच्या समाजातला.

‘राइट्स’चे मूळ मात्र आणखी एका अनपेक्षित ठिकाणी जाते. बीबीसीचे समालोचक जॉन आर्लट यांचे ऋण ब्रॅथवेट यांनी उघडपणे मान्य केले आहे. आर्लट हॅम्पशायरचे. आधी पोलिसात होते, स्वतः कविता लिहीत आणि बीबीसीत काव्यविषयक कार्यक्रमांचे निर्माते म्हणून आले. क्रिकेटचे समालोचन त्यांनी १९४६ मध्ये, भारतीय संघाच्या इंग्लंड दौऱ्यापासून सुरू केले. बीबीसीचा आवाज म्हणजे साम्राज्याचा इस्त्री केलेला आवाज, असा तो काळ. त्यात आर्लट आपला गावरान हेल न लपवता, प्रतिमांची लयलूट करत बोलत. बार्बाडोसमध्ये रेडिओला कान लावून बसलेल्यांना त्यातून एक गोष्ट उमगली : खुद्द इंग्लंडच्या रेडिओवर प्रमाण उच्चाराला बगल देऊन सुंदर बोलता येते.

दुसरे ऋण टी. एस. एलियट यांचे, आणि तेही छापील ओळींपेक्षा ध्वनिमुद्रिकेचे. ब्रिटिश कौन्सिलच्या संग्रहातल्या ध्वनिमुद्रिकेवर एलियट यांचा कोरडा, सपाट आवाज बेटावरच्या तरुण कवींनी ऐकला आणि बोलण्याच्या सुरात कविता होऊ शकते हे त्यांना पटले. हीच मंडळी त्या काळात जॅझही ऐकत होती, त्यामुळे तुटक लयीची त्यांना सवय होती.

या कसोटीवर ब्रॅथवेट जुन्या कवींचे मूल्यमापन करतात. जमैकाचे क्लॉड मके यांनी १९१२ मध्ये बोलीतल्या कवितांचे दोन संग्रह काढले. पुढे अमेरिकेत ते सुनीताकडे वळले आणि कीर्ती मिळाली ती सुनीतांमुळे. लुईज बेनेट यांनी उलट बाजारातल्या बायकांची भाषा कधीच सोडली नाही. जमैकातले लोक त्यांना ‘मिस लू’ म्हणून डोक्यावर घेत, पण साहित्याच्या दरबारात त्यांची गणना करमणूक करणाऱ्यांत होई. ब्रॅथवेट यांनी त्यांना परंपरेच्या मध्यभागी बसवले. व्याख्यानात त्यांनी या आवाजांच्या ध्वनिफिती वाजवून दाखवल्या, कारण त्यांच्या मते कानाने ऐकल्याखेरीज हा पुरावा पुरावाच ठरत नव्हता.

‘पुरावा’ या शब्दापाशी कवी आणि इतिहासकार भेटतात. जमैकाच्या गुलामांविषयी कागद पुष्कळ आहेत, पण ते बहुतेक मळेवाल्यांचे, पाद्र्यांचे आणि वसाहतीच्या असेंब्लीचे. एडवर्ड लाँग यांचा १७७४ चा जमैकाचा इतिहास माहितीने खच्चून भरलेला आहे आणि आफ्रिकी माणसांविषयीच्या तिरस्कारानेही. अशा दप्तरात राबणाऱ्या माणसाची मोजणी सापडते, त्याचे म्हणणे सापडत नाही. ते शोधायचे तर गाणी, म्हणी, कहाण्या, अंत्यविधी आणि बोलण्याची धाटणी यांकडे जावे लागते. गुलामांच्या लोकसंस्कृतीवरचा ब्रॅथवेट यांचा मजकूर १९७० मध्ये स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपाने निघाला आणि वर्षभराने संपूर्ण प्रबंध ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झाला. त्रयीतल्या कविता याच सुमाराच्या. अभिलेखागारात न मिळणारी माणसे तिथे बोलतात.

शिंप्याचे दुकान त्या दृष्टीने दप्तरखानाच आहे. धावफलकावर वॉलकॉटच्या धावा राहतात. प्रेक्षकांनी त्या खेळीवर काय आशा बांधली होती आणि ती कशी कोसळली, हे शिंप्याच्या बोलण्यात राहते. म्हणूनच ब्रॅथवेट यांनी त्रयीतले तिन्ही संग्रह लंडनच्या आर्गो कंपनीसाठी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केले. छापील पान आणि ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवल्या की ओळी जिथे तुटतात तिथे श्वास कसा घेतला आहे ते कळते, आणि नेशन लँग्वेजची व्याख्या वेगळी शिकावी लागत नाही.

जमैकावरील प्रबंध पुढील लेखांकात.