वाट पाहण्याची ऐपत

सहा मिनिटं संपल्याची घंटी वाजते तेव्हा छात्राध्यापिकेचा हात अजून फळ्यावरच असतो. ‘बाष्पीभवन’ लिहून झालंय, पण शेवटच्या अक्षरापर्यंत येता येता ओळ तिरपी होऊन खाली उतरलीय. समोर बाकांवर बसलेली ‘सातवीची मुलं’ म्हणजे तिच्याच तुकडीतल्या आठ-दहा जणी आणि दोघं-तिघं जण. सगळे पदवीधर आहेत, काहींच्या गळ्यात मंगळसूत्र आहे. पण गेली सहा मिनिटं सगळ्यांनी इमानेइतबारे सातवीची उत्तरं दिली. मागे बसलेले मार्गदर्शक सर निरीक्षणपत्रिका पुरी करतात आणि एकेक गोष्ट सांगू लागतात. फळ्याकडे तोंड करून बोलणं चाललं होतं. अक्षर शेवटच्या बाकावरून वाचता येत नव्हतं. उजव्या रांगेला एकही प्रश्न गेला नाही. आणि व्याख्या आधी सांगितली, अनुभव नंतर विचारला.

आता तिच्याकडे बारा मिनिटं आहेत. तेवढ्यात पाठ पुन्हा बांधायचा. मग पुन्हा सहा मिनिटं शिकवायचा आणि पुन्हा सहा मिनिटं अभिप्राय ऐकायचा. दुसऱ्या खेपेला ती व्याख्या बाजूला ठेवते. तिचं गाव भिवापूर तालुक्यातलं, मिरचीचं. ती विचारते, “अंगणात लाल मिरची वाळत घालतो आपण. चार दिवसांनी ती हलकी होते. मग तिच्यातलं पाणी गेलं कुठे?” बाकांवरचे पदवीधर क्षणभर खरोखरच विचारात पडतात. मार्गदर्शक सर मान डोलावून पत्रिकेत खूण करतात.

नागपूरच्या बी.एड. महाविद्यालयांत अभ्यासक्रमाच्या सुरुवातीला चालणारं हे सूक्ष्म अध्यापन. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली. भारतात एनसीईआरटीने तिला ३६ मिनिटांच्या चक्रात बांधलं. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं, मग ते प्रस्तावना असो, प्रश्न विचारणं असो, फलकलेखन असो की स्पष्टीकरण. सुटी कौशल्यं जमली की ती एकत्र गुंफायची आणि मग खऱ्या शाळेत सराव पाठ. रात्री जागून काढायच्या पाठ टाचणात रकाने ठरलेले: अध्ययन निष्पत्ती, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलक कार्य, मूल्यमापन. शिक्षकाचं काम बाहेरून सोपं दिसतं. ते किती बारीक सांध्यांनी जोडलेलं आहे हे या पहिल्या दोन-तीन महिन्यांत कळतं.

इथवर कोण पोचतं, हे पाहण्यासाठी एखाद्या तुकडीची हजेरी ऐकावी. उमरेड, कुही, भिवापूर, मौदा, रामटेक. संत्र्याच्या पट्ट्यातलं काटोल आणि नरखेड. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि थेट गडचिरोली. पन्नास जणांच्या तुकडीत मुलींची संख्या डोळ्यांत भरते. कोणाचे वडील तीन-चार एकरांचे शेतकरी, कोणाची आई अंगणवाडी सेविका, कोणाच्या घरी कामठी रोडला छोटं दुकान. काही जणी लग्नानंतर पाच-सात वर्षांनी पुन्हा वही हातात घेतात, मूल शाळेत जाऊ लागलं म्हणून. काही जण बी.एस्सी. होऊन खासगी शिकवणीत गणित शिकवत होते, काहींनी स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत तीन-चार वर्षं काढली आहेत. काहींच्या हातात डी.एड.ही आहे, कारण एके काळी विदर्भात डी.एड. म्हणजे बारावीनंतरची हमखास नोकरी मानली जायची. गडचिरोलीहून आलेल्या एखादीच्या घरी गोंडी बोलतात. मराठी ती शाळेत शिकली, नागपुरी हिंदी वसतिगृहात, आणि आता मराठी अध्यापन पद्धती हा तिचा विषय आहे.

यातल्या अनेकांच्या घरात पदवीपर्यंत पोचलेलं हे पहिलंच माणूस. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्या मैदानावर ज्यांचे आजोबा उभे होते, त्या घरांतल्या पुढच्या पिढ्यांनी शिक्षणाला किती घट्ट धरलं, हे नागपूरला वेगळं सांगायला नको. त्या घरांतल्या मुलीही याच बाकांवर आहेत.

शिक्षक कोणत्या घरांतून यावेत, हा प्रश्न जुना आहे. १९ ऑक्टोबर १८८२ ला जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात शिक्षक कोण असावा याचा विचार आहे. प्राथमिक शाळांतले शिक्षक जवळजवळ सगळे एकाच जातीतले आहेत आणि त्यातल्या अनेकांना प्रशिक्षण नाही, हे त्यांनी मांडलं. शक्यतो शेतकरी वर्गातून प्रशिक्षित शिक्षक घडवावेत, त्यांना महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा आणि मोठ्या गावांत तो पंधरा ते वीस असावा, असं त्यांनी सुचवलं. कोणाला घ्यायचं आणि किती द्यायचं, हे दोन प्रश्न त्यांनी एकत्र ठेवले होते. नागपूरच्या तुकडीकडे पाहिलं की पहिल्या प्रश्नावर महाराष्ट्र बराच पुढे आल्याचं दिसतं. शेतकऱ्याची लेक छात्राध्यापिका झाली आहे. अडलंय ते दुसऱ्यापाशी.

प्रवेशासाठी आधी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा. ९० मिनिटं, १०० प्रश्न, त्यातले ३० अध्यापन अभियोग्यतेचे. पदवीला ५० टक्के गुण हवेत, राखीव प्रवर्गाला ४५. प्रवेश झाला की पहिल्याच आठवड्यात ओळखीच्या तासाला प्रश्न येतो, शिक्षक का व्हायचंय? उत्तरं बहुतेक ठरलेली असतात: देशाची पिढी घडवायची आहे, समाजाचं ऋण फेडायचं आहे. हाच प्रश्न गावी चुलती विचारते तेव्हा तो असा येतो, “काहून बी.एड. करून राहिली?” तिथलं उत्तर मोकळं असतं. सरकारी नोकरी लागली तर घर उभं राहील. पगार वेळेवर येतो. सासरचे याच नोकरीला हो म्हणतात. गावाजवळची शाळा मिळाली तर आईवडिलांकडे लक्ष देता येईल.

या दुसऱ्या उत्तरांकडे तुच्छतेने पाहण्याची सवय जुनी आहे. ‘काहीच जमलं नाही म्हणून बी.एड.’ हे वाक्य प्रत्येक छात्राध्यापकाने कधी ना कधी ऐकलेलं असतं. जगभर या विषयाचा अभ्यास झाला आहे. ऑस्ट्रेलियात हेलन वॅट आणि पॉल रिचर्डसन यांनी २००७ मध्ये शिक्षक होऊ पाहणाऱ्यांची कारणं मोजण्याची एक मापनश्रेणी मांडली, ती पुढे अनेक देशांत वापरली गेली. तिच्यात मुलांच्या भविष्याला आकार देण्याची इच्छा आहे, नोकरीची शाश्वती आहे, कुटुंबाला देता येणारा वेळ आहे आणि ‘दुसरं काही मिळालं नाही’ हेही आहे. माणूस यातली दोन-चार कारणं एकदमच बाळगतो. नोकरीची गरज असलेली मुलगी मनापासून शिकवत नाही, असं मानायला कसलाही आधार नाही. भिवापूरच्या त्या छात्राध्यापिकेने पगाराचा विचार करूनच बी.एड. घेतलं असेल, पण मिरचीचा प्रश्नही तिलाच सुचला.

हेतू घडतो तो शाळेत. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) २०१४ च्या नियमांनंतर, म्हणजे २०१५-१६ पासून, बी.एड. एका वर्षाचं दोन वर्षांचं झालं. त्यात शाळेतला अनुभव २० आठवड्यांचा आहे, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. या आंतरवासितेसाठी छात्राध्यापक नागपूरभर विखुरतात. महापालिकेच्या शाळांत एकाच वर्गात घरी मराठी बोलणारी, हिंदी बोलणारी आणि छत्तीसगडहून बांधकामावर आलेल्या मजुरांची मुलं शेजारी शेजारी बसतात. टाचणात ‘विद्यार्थी कृती’च्या रकान्यात लिहिलेलं उत्तर तिथे सहसा येत नाही. वर्ग गप्प राहतो किंवा भलतंच उत्तर देतो. पहिल्या आठवड्यात छात्राध्यापक अशा वेळी आवाज चढवतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तेच प्रश्न बदलून विचारू लागतात, हिंदीत एकदा, मराठीत एकदा. मार्चमध्ये ऊन तापलं की शाळा सकाळची होते. मग कामठी किंवा उमरेडहून येणारी मुलगी पहाटेची गाडी धरते. २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खोली भाड्याने घेण्याऐवजी रोजची ये-जा अनेकींना परवडू लागली.

सोळा आठवड्यांनी मुलं ‘मॅडम, उद्या येणार ना?’ असं विचारू लागतात. तोवर बी.एड. का घेतलं या प्रश्नाचं उत्तर बरंच बदललेलं असतं.

खरी अडचण पदवी हातात पडल्यावर सुरू होते. आधी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. १५० पैकी ६० टक्के, राखीव प्रवर्गाला ५५. नोव्हेंबर २०२१ नंतर ही परीक्षा थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. सेवेत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी लागेल असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला दिला. त्यामुळे नोव्हेंबर २०२५ च्या परीक्षेला वर्षानुवर्षं शिकवणारे गुरुजीही नव्या उमेदवारांच्या शेजारी बसले. त्याआधी ११ ऑगस्ट २०२३ ला याच न्यायालयाने पहिली ते पाचवीची दारं बी.एड.धारकांना बंद केली. प्राथमिकचं स्वप्न घेऊन बी.एड.ला आलेल्यांचा रस्ता शिकता शिकताच अरुंद झाला.

टीईटीनंतर शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, बोलण्यातली ‘टेट’. दोन तास, २०० गुण. त्यावर ‘पवित्र’ या शिक्षक भरती पोर्टलची गुणवत्ता यादी. संस्थेच्या दारात पैसे मोजण्याची पाळी कोणावर येऊ नये म्हणून ही व्यवस्था आणली, आणि तो हेतू योग्यच आहे. मे २०१२ पासून भरती गोठलेली होती. पहिली टेट डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये, तिसरी २०२५ मध्ये. २०१८ च्या उन्हाळ्यात बी.एड. झालेल्या मुलीला पुढची टेट द्यायला जवळजवळ पाच वर्षं थांबावं लागलं. २०२३ च्या टेटला दोन लाखांहून अधिक उमेदवार बसले. त्या टप्प्यात २०२४ च्या सुरुवातीला निघालेल्या जाहिराती २१ हजारांच्या थोड्या वर पदांच्या होत्या. निवड झाली तरी आधी तीन वर्षं ठरावीक मानधनावर शिक्षण सेवक. २०२३ च्या वाढीनंतर माध्यमिकला महिना १८ हजार, प्राथमिकला १६ हजार. वाढीआधी हेच आकडे आठ आणि सहा हजार होते.

या मधल्या वर्षांत काय होतं, हे नागपुरात पाहायला लांब जावं लागत नाही. शहरातल्या सुस्थितीतल्या घरची मुलगी अभ्यासिकेची फी भरून आणखी दोन वर्षं बसू शकते. कुहीच्या शेतकऱ्याची मुलगी खासगी इंग्रजी शाळेत सात-आठ हजारांवर दिवसभर राबते आणि रात्री बुद्धिमत्तेची गणितं सोडवते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून नागपूरसाठी वर्षाला ६० हजार रुपये मिळतात, पण अभ्यासक्रम संपला की ती मदतही थांबते. लग्नाचा विषय निघतो. कोणी मिहानमधल्या कंपनीत लागतं, कोणी दुकानाच्या गल्ल्यावर बसतं. शिकवण्याचा कस लागण्याआधीच थांबण्याच्या ऐपतीवर निवड होऊन जाते, आणि ज्या घरांतून शिक्षक यावेत असं फुल्यांनी १८८२ मध्ये सांगितलं, त्याच घरांची ऐपत सगळ्यात आधी संपते.

त्यात २०२५ मध्ये नागपूर विभागातला शालार्थ आयडी, म्हणजे शिक्षकांच्या पगारासाठीच्या ऑनलाइन ओळख क्रमांकांचा, घोटाळा बाहेर आला. बनावट नोंदींच्या आधारे शिक्षक दाखवून सरकारी पगार उचलले जात असल्याचा गुन्हा दाखल झाला, शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली, विशेष तपास पथक नेमलं गेलं. रांगेत प्रामाणिकपणे उभ्या असलेल्या छात्राध्यापकांनी या बातम्या कोणत्या मनःस्थितीत वाचल्या असतील, याचा अंदाज कोणालाही येईल.

राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच शिक्षकाची किमान पात्रता व्हायची आहे. बारावीनंतर लगेच निर्णय घ्यावा लागला की या तुकड्यांचं रूप पुन्हा बदलेल. मूल मोठं झाल्यावर परतणाऱ्या बाईला त्यात जागा राहील का, हे आत्ताच पाहायला हवं. २०२५ च्या टेटला बी.एड.च्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना बसू दिलं, हे एक चांगलं पाऊल पडलं आहे. पुढचं पाऊलही अवघड नाही. लोकसेवा आयोग आपल्या परीक्षांचं अंदाजित वेळापत्रक वर्षाआधी जाहीर करतो. टीईटी, टेट आणि पवित्रच्या जाहिराती यांचंही तसंच वर्षाचं वेळापत्रक निघावं आणि ते पाळलं जावं. बी.एड.चा प्रवेश पक्का होतानाच ते हातात मिळालं, तर लेकीच्या शिकण्याला आणि थांबण्याला आणखी किती पैसे बाजूला ठेवावे लागतील, याचा हिशेब भिवापूरच्या शेतकऱ्यालाही मांडता येईल.