कारंज्याच्या सुरांना सिंथची साथ

लोकसंगीत आणि इलेक्ट्रॉनिक पॉप यांचा मेळ घालून पहिला अल्बम करू पाहणाऱ्या स्वतंत्र गायकाला कारंजा लाडच्या आसपास केवढा ऐवज मिळेल! शेजारच्या मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं तीर्थक्षेत्र. होळीला तांड्यांवर डफाच्या ठेक्यावर लेंगी ही लोकगीतं गातात. एक सांगतो, बाकीचे ओळ उचलून धरतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत वऱ्हाडात घरोघरी भुलाबाईची गाणी असतात, तीही बहुतेक सुरांच्या वाद्यांविना. अशा मोकळ्या सुरांखाली सिंथ फार सुरेख बसतो.

मराठी शब्द क्लबात चालतात, हे क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या ‘तांबडी चामडी’ या गाण्याने २०२४ मध्ये दाखवलं. अशा क्लबांतल्या हाउस संगीताची लय मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोक्यांची. लेंगी मात्र गाता गाता चढत जाते. तिला यंत्राच्या एकाच लयीत कोंबू नये. डफही तयार सॅम्पलचा नको, तांड्यावरचाच ध्वनिमुद्रित करावा आणि वाजवणाऱ्याचं नाव श्रेयनामावलीत द्यावं.

पारंपरिक चाल सर्वांची. नव्या ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट मात्र भारतात प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. स्वतः लिहिणाऱ्या-गाणाऱ्याने गीतकार, संगीतकार म्हणून आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व आधीच घ्यावं.