धूम्रपान सोडणे ही निग्रहाची परीक्षा नव्हे

विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाविषयी घरच्यांचे एक मत ठरलेले असते : मनात आणले तर हा आज सोडेल, पण याला सोडायचीच नाही. मुलांच्या गळ्याची शपथ, बायकोचा अबोला, आईचे रडणे, खिशांची झडती, घरात पाऊल टाकताच शर्टाचा वास घेणे, हे सगळे त्या एका मतातून येते. सोडू पाहणाराही बहुधा तेच मत धरून असतो. म्हणूनच पुन्हा एक ओढली गेली की तो स्वतःला नालायक ठरवतो आणि पाकीट विकत आणतो. धूम्रपानाविषयीचे पुष्कळसे गैरसमज याच मुळातून फुटतात. भारतात २०१६-१७ मध्ये प्रौढांच्या तंबाखूसेवनाची जी देशव्यापी पाहणी झाली, तिच्यात धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक सोडण्याचा विचार करत होते आणि ३८ टक्क्यांनी आधीच्या बारा महिन्यांत सोडून पाहिली होती. म्हणजे 'सोडायचीच नाही' हे निम्म्याहून अधिकांच्या बाबतीत खोटे आहे. सोडायची आहे, सोडूनही पाहिली आहे आणि टिकलेली नाही. प्रश्न इथून सुरू होतो.

झुरका घेतल्यावर निकोटिन काही सेकंदांतच मेंदूत पोहोचते आणि तिथे डोपामिन स्रवू लागते. रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते, म्हणून तलफही दिवसभर ठरावीक अंतराने येत राहते. सोडल्यावर चिडचिड, बेचैनी, झोपमोड, लक्ष न लागणे, सारखी भूक हा त्रास सुरू होतो. तो पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत तीव्र असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बराचसा ओसरतो. पण ही निम्मीच गोष्ट झाली. रोज वीस सिगारेटी आणि प्रत्येकीचे दहा झुरके धरले तर दिवसाला दोनशे झुरके होतात, दहा वर्षांत सात लाखांवर. त्यातला प्रत्येक झुरका कशाला तरी जोडलेला असतो : सकाळचा चहा, जेवणानंतरची पाच मिनिटे, टपरीवरचे मित्र, साहेबांचे बोलणे खाऊन बाहेर पडल्यावरचा जिना. श्रावण पाळणारे काही जण महिनाभर सिगारेटला हात लावत नाहीत. शरीराची मागणी त्या महिन्यात मंदावलेली असते, तरी श्रावण सरला की पहिल्या चहाबरोबर हात पुढे होतो. निग्रह कमी पडला म्हणावे, तर याच माणसाने तो तीस दिवस पाळून दाखवला आहे. श्रावणानंतरच्या दिवसाची तयारी मात्र कुणीच केलेली नसते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा : आमच्या ओळखीच्या अमुक एकाने पाकीट फेकले ते फेकलेच, पुन्हा कधी हात लावला नाही. अशी माणसे खरोखर आहेत आणि थोडीथोडकी नाहीत. पण आपल्या नजरेत सुटलेले भरतात, त्याच रीतीने सोडू पाहून पुन्हा ओढू लागलेले कुणी मोजत नाही. कुठल्याही मदतीविना सोडणाऱ्या शंभरांपैकी वर्षभर टिकणारे साधारण तीन ते पाच असतात. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात धूम्रपान करणाऱ्यांच्या पाहणीवरून २०१६ मध्ये काढलेला अंदाज सांगतो, की कायमची सुटेपर्यंत तीस किंवा त्याहून अधिक प्रयत्न लागू शकतात. तिसऱ्या-चौथ्या खेपेला आपण ज्याला 'याच्याने काही होणार नाही' म्हणतो, तो कदाचित वाटेच्या सुरुवातीलाच असतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : व्यसनाला आजार म्हटले, की माणसाला पळवाट मिळते. मला हे पटत नाही. मधुमेह झालेल्या माणसाला आपण 'निग्रहाने साखर उतरव' असे म्हणत नाही, पण औषध वेळेवर घे, पथ्य पाळ, तपासणी चुकवू नकोस, असे बजावतोच. जबाबदारी तिथेही असते, आणि तिला करता येण्याजोगे रूप आलेले असते.

'टेन्शन आले की ओढावीच लागते' हा समज ओढणाऱ्याच्या रोजच्या अनुभवावर उभा असल्याने मोडायला सर्वांत अवघड. सिगारेट पेटवल्यावर बरे वाटते यात शंका नाही. पण उतरत चाललेल्या निकोटिनने आणलेली बेचैनीच त्या झुरक्याने शमलेली असते, आणि दोन तासांनी ती परत येते. २०१४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. धूम्रपान सोडलेल्यांमध्ये चिंता, नैराश्य आणि ताण कमी झाल्याचे त्यात दिसले, मानसिक आजार असलेल्यांमध्येसुद्धा. पहिले काही आठवडे मात्र याच्या उलट वाटते, आणि त्याला हातभार लावणारे एक कारण आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नसते. विडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा झपाट्याने करते. धूर थांबला की तेवढ्याच चहा-कॉफीतून रक्तातले कॅफिन जवळजवळ दुप्पट होऊ शकते. दिवसाला सहा कप चहा पिणाऱ्याची छाती धडधडते, झोप उडते, आणि तो म्हणतो सिगारेट सोडल्यामुळे झाले. चहा निम्म्यावर आणला तर या त्रासातला एक भाग टळतो, शिवाय चहाला जोडलेली तलफही कमी होते.

'विडी त्यातल्या त्यात बरी', 'मी दिवसाला दोनच ओढतो', 'लाइटवाली घेतो' ही तडजोडींची भाषा आहे. विडीत तंबाखू कमी असते हे खरे, पण तेंदूच्या पानातून हवा सहज जात नाही. विडी विझू नये म्हणून जोराने आणि वरचेवर ओढावे लागते, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर भरपूर आत जाते. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या मृत्यूंचा देशव्यापी अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी, स्त्रियांचे आठ वर्षांनी, तर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे दहा वर्षांनी घटते. आणि दिवसाला एकच सिगारेट ओढली तर हृदयविकाराचा वाढीव धोका वीस सिगारेटींच्या विसाव्या भागाइतका नसतो, जवळजवळ निम्मा असतो.

'आता साठी आली, सोडून काय मिळणार?' या प्रश्नाचे उत्तर पन्नास वर्षे चाललेल्या एका अभ्यासाने दिले आहे. रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या पुरुष डॉक्टरांचा १९५१ पासून मागोवा घेतला आणि २००४ मध्ये अर्धशतकाचा हिशेब मांडला. तिशीत सोडणाऱ्याचे साधारण दहा वर्षांचे आयुष्य वाचते, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीत सोडणाऱ्याचेही तीन वर्षांचे. हृदयविकार जडल्यानंतर सोडणाऱ्यांचा मृत्यूचा धोका, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत एक तृतीयांशाहून अधिक घटतो. सुरुवातीला खोकला वाढला तर घाबरू नये. श्वासनलिकेतले सूक्ष्म केस पुन्हा कामाला लागून कफ बाहेर ढकलत असतात. मात्र खोकला लांबला किंवा थुंकीतून रक्त पडले तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. वजन वाढण्याची भीती खरी आहे, पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढते. सिगारेट पुन्हा धरण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

औषधांबद्दलचा गैरसमज सुशिक्षितांतही घट्ट आहे : निकोटिनचे च्युइंगम म्हणजे एक व्यसन सोडून दुसरे धरणे. निकोटिन व्यसन लावते, पण कर्करोग आणि फुफ्फुसांचा ऱ्हास मुख्यतः जळत्या तंबाखूच्या धुरातून येतात. च्युइंगममधून निकोटिन हळूहळू आणि थोडे मिळते, झुरक्याचा तडाखा नसतो, आणि आठ ते बारा आठवड्यांत मात्रा कमी करत ते थांबवायचे असते. अशा निकोटिन-उपचाराने सुटण्याची शक्यता सुमारे दीडपट होते. आपल्याकडे २ मिलिग्रॅमचे च्युइंगम चिठ्ठीशिवाय मिळते आणि २०२२ पासून निकोटिन-उपचार देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. 'घेतले, पण उपयोग झाला नाही' म्हणणारे पुष्कळदा ते बबलगमसारखे चघळत असतात. खरी रीत अशी : जिभेला झिणझिण्या येईपर्यंत सावकाश चावायचे, मग गालात धरून ठेवायचे, चव गेली की पुन्हा चावायचे. त्याआधी पंधरा मिनिटे चहा-कॉफी घ्यायची नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषले जात नाही. व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन या गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायच्या. गरोदर स्त्रियांनी आणि नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी तर कोणताही उपचार विचारूनच सुरू करावा. हळूहळू कमी करत जाण्यापेक्षा तारीख ठरवून एकदम थांबणे बरे पडते, असे २०१६ च्या एका ब्रिटिश चाचणीत दिसले. जवळपास सातशे जणांपैकी एकदम थांबलेल्या गटातले ४९ टक्के चार आठवड्यांनी टिकून होते, कमी करत गेलेल्या गटातले ३९ टक्के. उपचार आणि समुपदेशन दोन्ही गटांना मिळाले होते, हे विसरता कामा नये.

आता घरच्यांविषयी, कारण जीव तुटतो तो त्यांचाच आणि हातून चुका होतात त्याही त्यांच्याच. पाळत ठेवली की माणूस ओढणे थांबवत नाही, लपवायला शिकतो. लपवू लागला की, ज्या क्षणी त्याने 'आज फार तलफ येते आहे' असे सांगायला हवे, त्याच क्षणी तो गप्प बसतो. जोडीदारांच्या वागण्याच्या अभ्यासांत असे दिसले आहे, की टोमणे आणि हटकणे कमी व कौतुक आणि सोबत जास्त असे प्रमाण जिथे असते, तिथे सोडलेली टिकते. मात्र इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आधार कसा द्यावा याचे शिक्षण जोडीदारांना देणाऱ्या चाचण्यांतून यश स्पष्टपणे वाढल्याचे आढळलेले नाही. याचा अर्थ माझ्या मते असा, की प्रेमाने बोलणे आवश्यक आहे, पण तेवढे पुरेसे नाही. घराच्या सवयीच बदलाव्या लागतात. इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या जोडप्यांच्या अभ्यासात, जोडीदारानेही त्याच सुमारास सोडली तेव्हा जवळजवळ निम्म्यांची सुटली. जोडीदार ओढत राहिला तेव्हा हे प्रमाण आठ टक्के होते.

महाराष्ट्रात या निष्कर्षाला वेगळाच अर्थ आहे. त्याच २०१६-१७ च्या पाहणीत इथले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते आणि २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरत होते. म्हणजे ज्या घरात मुलाला सिगारेट सोड म्हणून सांगितले जाते, तिथेच वडिलांच्या खिशात तंबाखू-चुन्याची डबी आणि आजीच्या फळीवर मशेरी असू शकते. मशेरी दातांसाठी असते हा समज चुकीचा आहे. ती भाजलेली तंबाखूच, हिरड्यांवाटे निकोटिन देणारी. सिगारेट सोडून तंबाखूचा बार भरू लागलेल्याचे व्यसन सुटलेले नसते, तोंडाच्या कर्करोगाच्या वाटेने वळलेले असते. अशा घरात मुलाला एकट्याने सोडायला लावण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एक तारीख ठरवणे जास्त न्याय्य आहे आणि अधिक परिणामकारकही.

तारीख ठरली की त्याआधी घरातले लायटर आणि राखदाण्या काढून टाकाव्या, पडदा-चादरींतला वास घालवावा. पहिले दोन आठवडे लग्नकार्ये आणि रात्रीच्या बैठका टाळता आल्या तर टाळाव्या. जेवणानंतर त्याच्याबरोबर कुणीतरी चालायला जावे, कारण तलफेची लाट बहुधा काही मिनिटांत ओसरते आणि तेवढीच मिनिटे निभवायची असतात. त्या दिवसांतली चिडचिड आपल्यावर आहे असे समजू नये. पण चिडचिडीच्या नावाखाली हात उगारणे किंवा शिवीगाळ कुणीही सोसू नये. केंद्र सरकारच्या विनामूल्य मदतवाणीचा १८००-११-२३५६ हा क्रमांक २०१८ पासून सिगारेटच्या पाकिटावरच छापला जातो. तो फोन लावायला हाताशी बसणे, ही शंभर शपथांहून मोठी मदत आहे. आणि मध्येच एखादी ओढली गेली, तर 'गेले सगळे पाण्यात' म्हणू नये. उपचार चालू ठेवून फक्त विचारावे : किती वाजता, कुणाबरोबर, कशानंतर? त्या उत्तरावरून पुढच्या आठवड्याची आखणी करता येते.

ज्याला अजून सोडायचीच नाही, त्याच्याशी रोज वाद घालून काही हाती लागत नाही. घरात, गॅलरीत आणि गाडीत ओढायची नाही एवढा नियम मात्र सगळ्यांनी मिळून करावा, कारण शेजारच्या खोलीतल्या मुलाच्या दम्याला त्याची तयारी होईपर्यंत थांबता येत नाही. या नियमाने ओढणाऱ्याचे प्रमाणही बऱ्याचदा घटते. मग छातीत दुखून दवाखान्यात जावे लागले, क्षयाचे निदान झाले किंवा घरात बाळ येणार असले, की तो स्वतःहून विषय काढण्याची शक्यता वाढते. त्या दिवशी 'इतकी वर्षे सांगत होते' हे वाक्य गिळून, डॉक्टरांची वेळ त्याच आठवड्यातली घ्यावी.